दार नसलेले हॉटेल आणि संविधानाचे कलम १५

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात हॉटेलांची एक नवी जात जन्माला आली आहे. या हॉटेलाला रस्त्यावर पाटी नाही, गल्ला नाही, टेबल-खुर्ची नाही. गिऱ्हाईकाला आत जायला दार नाही. मागच्या गल्लीतल्या एखाद्या गाळ्यात, इमारतीच्या तळघरात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये शेगड्या पेटलेल्या असतात. आत आचारी आणि हेल्पर राबत असतात. बाहेर चौकोनी पेटी घेतलेली मोटारसायकलवरची पोरे आपला नंबर लागण्याची वाट पाहत असतात. ऑर्डर मोबाईलवर, पैसे मोबाईलवर आणि तक्रारही मोबाईलवर. जेवणारा माणूस जेवण बनवणाऱ्याला कधी पाहत नाही. इंग्रजीतून आलेले याचे नाव क्लाऊड किचन. कोणी घोस्ट किचन, म्हणजे भुताचे स्वयंपाकघर, असेही म्हणतात.

हा विषय चळवळीच्या दैनिकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर सरळ आहे. हॉटेलचे दार हा आपल्या लढ्याचा विषय राहिलेला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हॉटेलबाहेर उभे राहून चहा घेतला आहे. त्यांची कपबशी वेगळी असे. ती बाहेर कोनाड्यात ठेवलेली असे आणि प्यायल्यावर स्वतःच विसळून परत ठेवावी लागे. बाबासाहेबांच्या संविधानाने ते दार कायद्याने उघडले. आता तेच दार भांडवलाने काढून टाकले आहे. दार गेले म्हणजे दारावरची अस्पृश्यता गेली काय? की ती दुसऱ्या जागी जाऊन बसली? आणि या नव्या धंद्यात आपला समाज कोठे उभा आहे? शेगडीपाशी, मोटारसायकलवर, की मालकाच्या खुर्चीत? या प्रश्नांची उत्तरे आपणच शोधायची आहेत. प्रस्थापितांची अर्थविषयक पाने ती देणार नाहीत.

धंदा वाढला कसा?

घरपोच जेवण आपल्याला नवीन नाही. मुंबईचे डबेवाले शंभर वर्षांहून अधिक काळ डबे पोचवीत आहेत. गिरणगावात घरातल्या घरात चालणाऱ्या बायकांच्या खानावळींवर हजारो गिरणी कामगार जेवले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या तावडीतून सोडवले. दार नसलेल्या हॉटेलाची खरी सुरुवात शोधायची तर ती या बायकांच्या चुलीपाशी सापडते.

आजचा धंदा मात्र वेगळ्या पायावर उभा आहे. २००८ मध्ये दिल्लीत हॉटेलांची मेनूकार्डे इंटरनेटवर टाकणारी एक छोटी कंपनी सुरू झाली, तीच पुढे झोमॅटो झाली. २०१४ मध्ये बेंगळुरूत स्विगी आली. २०१६ मध्ये मोबाईलचा डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि वर्षअखेरीस नोटाबंदी झाली. शहरातल्या नोकरदाराच्या हातात मोबाईलवरूनच ऑर्डर देण्याचे आणि पैसे चुकते करण्याचे साधन आले. मग भांडवलदाराच्या लक्षात एक हिशेब आला. गिऱ्हाईक हॉटेलात येणारच नसेल, तर मुख्य रस्त्यावरच्या गाळ्याचे भाडे कशाला भरायचे? वेटर, एसी, फर्निचर कशाला? मागच्या गल्लीतला स्वस्त गाळा घ्या, शेगड्या बसवा, फक्त पार्सल विका.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात काठी रोल विकणारे फासोस नावाचे दुकान निघाले. पुढे मालकांनी दुकाने आवरती घेतली आणि सगळा भर घरपोच विक्रीवर दिला. त्या कंपनीचे नाव रेबेल फूड्स झाले आणि २०२१ मध्ये तिची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर गेली. २०१७ मध्ये स्विगीने स्वतः गाळे घेऊन ते हॉटेलवाल्यांना फक्त स्वयंपाकासाठी देण्याची योजना काढली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. हॉटेलात बसून जेवणे बंद झाले, पार्सल मात्र चालू राहिले. ज्यांनी कधी पार्सलचा विचार केला नव्हता ते हॉटेलवालेही शटर अर्धे ओढून आत पार्सल बांधू लागले. ज्यांची भाड्याने कंबर मोडली त्यांनी पुढचा हॉल सोडून दिला आणि मागचे स्वयंपाकघर तेवढे ठेवले.

एक शेगडी, अनेक कुळे

या धंद्याची खुबी अशी की एकाच स्वयंपाकघरातून अनेक नावांनी माल विकता येतो. मोबाईलवर गिऱ्हाईकाला बिर्याणीचे एक दुकान दिसते, पिझ्झाचे दुसरे, रोलचे तिसरे, गोड पदार्थांचे चौथे. प्रत्येकाचे नाव वेगळे, चिन्ह वेगळे, डबा वेगळा. प्रत्यक्षात अनेकदा छप्पर एकच, फ्रीजर एकच आणि घाम गाळणारा माणूसही तोच असतो. मोठ्या कंपन्यांत ग्रेव्ही आणि मसाले मुख्य स्वयंपाकघरात तयार होऊन पिशव्यांतून शाखांना जातात. शाखेतल्या माणसाने किती ग्रॅम घालायचे आणि किती मिनिटे गरम करायचे एवढेच पाहायचे. म्हणजे आचाऱ्याच्या हातची कला कंपनीच्या पिशवीत गेली. उरला तो कमी पगारावर मिळणारा आणि केव्हाही बदलता येणारा हेल्पर.

प्रत्येक नावाला मग एक कुळकथाही चिकटवली जाते. कोणती बिर्याणी शाही घराण्यातली असते, कोणता पराठा आजीच्या हातचा असतो. जाहिरातवाल्याने कागदावर लिहिलेले कूळ पाहून गिऱ्हाईक पैसे मोजतो. ज्या देशात माणसाची किंमत त्याच्या कुळावरून ठरवली गेली, त्या देशात अन्नालाही खोटे कूळ लावून विकले जावे, यात नवल ते काय!

मात्र ज्यांच्या अन्नाला खरा इतिहास आहे त्यांचे नाव या यादीत नसते. मालवणी, कोल्हापुरी, अवधी, जैन असे कप्पे मोबाईलवर दिसतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. त्या स्वयंपाकाला या बाजारात कोणता कप्पा आहे?

न दिसणारा हात

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की ही तर जातिअंताची खूण आहे. ॲपवर कोणी आचाऱ्याची जात विचारत नाही, सगळे सगळ्यांच्या हातचे खातात, आणखी काय पाहिजे? हा युक्तिवाद वरवर गोड आहे. म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात सहभोजनाचा प्रश्न हाताळला आहे. अनेक जातींत एकत्र जेवण चालते, तरीही त्यामुळे जातीची जाणीव मेलेली नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. रोगाचे मूळ जातीला पवित्र ठरवणाऱ्या धर्मश्रद्धेत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्या काळच्या सहभोजनात निदान शेजारी कोण बसला आहे हे माहीत असताना माणूस घास घेत होता. त्याला धैर्य लागत होते. ॲपवरच्या जेवणात बनवणारा कोण हे माहीतच नसते. ज्याला कळत नाही म्हणून चालते, त्याला कळल्यावर काय होते?

याचे उत्तर पुण्यानेच दिले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यातील एका उच्चपदस्थ महिला शास्त्रज्ञाने पोलिसांत फिर्याद दिली. सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने आपण ब्राह्मण असल्याचे खोटे सांगितले, ही तक्रार! जेवण बेचव होते किंवा शिळे होते अशी तक्रार नव्हती. जेवण खाऊन झाले होते, पचूनही गेले होते. जात कळली तेव्हा मात्र फसवणूक झाली! पोलिसांनी गुन्हा दाखल करून घेतला, महाराष्ट्रभर संताप उसळला आणि मग फिर्याद मागे घेतली गेली. चार वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. तिला कामावरून काढले, बोभाटा झाल्यावर परत घेतले. शालेय पोषण आहारात स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २००४ पासून आहे. तरीही ही गत!

शाळेत हात दिसतो म्हणून ताट नाकारले जाते. क्लाऊड किचनमध्ये हात दिसत नाही म्हणून ताट रिकामे होते. दोन्हीकडे मनातली जात तशीच आहे.

पेटीचा रंग

आतला हात दिसत नाही, पण दारात पार्सल घेऊन येणारा माणूस दिसतो. त्याचे नाव मोबाईलवर झळकते. म्हणून हॉटेलच्या दारावरची अस्पृश्यता आता गिऱ्हाईकाच्या दारावर येऊन बसली आहे. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाईकाने पार्सल आणणारा हिंदू नाही म्हणून ऑर्डर नाकारली. जून २०२२ मध्ये लखनौत अनुसूचित जातीच्या एका डिलिव्हरी कामगाराने तक्रार दिली की, नाव ऐकून गिऱ्हाईकाने अन्न घेण्यास नकार दिला आणि तोंडावर थुंकला. समोरच्या बाजूने आरोप नाकारले; ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जून २०२३ मध्ये झोमॅटोने पर्यावरण दिनाची जाहिरात काढली. ‘लगान’ चित्रपटात ज्या दलित पात्राचे नावच कचरा आहे, त्याला साकारणाऱ्या नटाला कधी दिवा, कधी कागद असे टाकाऊतून केलेल्या वस्तूंच्या रूपात दाखवले. माणसाला वस्तू केले! राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली, जाहिरात मागे घेतली गेली.

सर्वांत बोलकी घटना मार्च २०२४ ची आहे. १९ मार्चला याच कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केले की ‘शुद्ध शाकाहारी’ गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा राहील. त्या कामगारांचा गणवेश हिरवा, पेटी हिरवी. मांसाहारी हॉटेलातले पार्सल त्या पेटीत कधी जाणार नाही. देशभर टीका झाली. २० मार्चला हिरवा रंग मागे घेतला गेला, सगळ्यांचा गणवेश लालच राहील असे जाहीर झाले. कंपनीनेच तेव्हा कारण सांगितले की, लाल कपड्यातल्या कामगाराला सोसायट्या अडवतील आणि भाड्याने राहणाऱ्या गिऱ्हाइकालाही घरमालकाचा त्रास होऊ शकेल. म्हणजे कोणत्या रंगाचा माणूस गेटवर अडवला जाईल, याची पूर्ण कल्पना आल्यावर रंग गेला. शाकाहारींसाठी वेगळा ताफा मात्र ठेवू, असे त्याच वेळी सांगितले गेले.

तारखा पाहा. १९ आणि २० मार्च. १९२७ साली याच दोन दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती आणि २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. त्यानंतर सवर्णांच्या जमावाने परिषदेच्या मंडपात घुसून जेवणाऱ्या माणसांना मारले, अन्न मातीत मिसळले. पुढे पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. एखाद्याने काय खावे हा त्याचा प्रश्न आहे. शाकाहाराशी आपले भांडण नाही. अन्न बंद डब्यात असते, डबा पिशवीत असतो, पिशवी पेटीत असते. तरीही दुसऱ्याच्या अन्नाचा वास लागलेली पेटी नको, हा आग्रह आरोग्याचा नाही. तो विटाळाचा आहे. शुद्ध हा शब्द आपल्या लोकांनी फार जवळून सोसला आहे.

दुकान म्हणजे काय?

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या कलम १५(२) नुसार धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेशाला मज्जाव करता येत नाही. हे कलम खासगी मालकालाही बांधते. पण ज्या हॉटेलाला प्रवेशच नाही, तेथे या कलमाचा उपयोग काय, असे कंपनीचा वकील विचारू शकेल.

या शंकेचे उत्तर बाबासाहेबांनी आधीच देऊन ठेवले आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. ‘दुकान’ या शब्दात न्हावी-धोबी यांच्यासारख्यांची सेवा येते का, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, हा शब्द चार भिंतींत शिरण्यापुरता मर्यादित नाही. जो कोणी ठरावीक मोबदल्यात लोकांना सेवा देऊ करतो, त्याची सेवा मिळवण्याचा हक्क त्यात येतो. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे आजचे कलम १७ मंजूर झाले. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच चर्चेचा आधार घेऊन ‘दुकान’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. दार नसलेले हॉटेलही दुकानच आहे आणि मोबाईलवरचे ॲपही दुकानच आहे, असे म्हणायला आपल्याकडे भक्कम पाया आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या जीएसटी विभागाने परिपत्रक काढून क्लाऊड किचनची सेवा ही उपाहारगृहाचीच सेवा असल्याचे स्पष्ट केले आणि तिला पाच टक्के कर लावला. करकायद्यातला अर्थ दुसऱ्या कायद्याला आपोआप लागू होत नाही हे खरे. परंतु सरकारला कर घेताना जे हॉटेल दिसते, ते नागरिकाला हक्क देताना दिसेनासे कसे होईल?

डिलिव्हरी कामगाराचा अपमान करणाऱ्यांसाठीही कायदा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला धंदा किंवा नोकरी करताना आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ नुसार पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने धंदा-नोकरीत अडथळा आणि आर्थिक बहिष्कार हे गुन्हे स्पष्टपणे आले. कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तेव्हा ‘आधी चौकशी करतो, मग पाहू’ असे ठाण्यात सांगितले तर हे कलम दाखवावे.

काय कळले पाहिजे?

गिऱ्हाईकाला काहीच कळू नये असे आपले म्हणणे नाही. स्वयंपाकघराचा खरा पत्ता, अन्नसुरक्षा कायदा, २००६ खालील परवान्याचा क्रमांक, एकाच छपराखाली चालणारी सगळी नावे, अन्न कधी शिजले, हे सर्व त्याला कळले पाहिजे. बनवणाऱ्याची जात आणि धर्म मात्र कळण्याचे कारण नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील हॉटेलांनी मालकांची नावे लावावीत असे आदेश निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. कोणते अन्न विकतो हे सांगायला लावता येईल, मालकाचे आणि नोकराचे नाव लिहायला भाग पाडता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. आज व्यवहार नेमका उलटा चालतो. स्वयंपाकघराचा ठावठिकाणा झाकलेला आणि पार्सल आणणाऱ्याचे नाव उघडे!

आतला कामगार कोणाचा?

डिलिव्हरी कामगारांच्या प्रश्नावर आता थोडे तरी बोलले जाते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. २०२१ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांच्या महासंघाने सामाजिक सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी कायदे केले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची, अशी तरतूद तिच्यात आहे. मात्र तीच संहिता गिग कामगाराला मालक-नोकर संबंधाच्या बाहेर ठेवते.

आत शेगडीपाशी उभा असलेला माणूस तर या चर्चेतही नाही. तो गिग कामगार नाही. कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह आणि खाण्याची जागा जुन्या कारखाना कायद्यात वगळलेली होती, नव्या संहितेतही ती वगळलेलीच आहे. प्रश्न असा की, जेथे कोणी बसून खातच नाही, जेथे दिवसरात्र ठरावीक मापाने माल तयार होऊन डब्यात भरला जातो, ती खाण्याची जागा की कारखाना? आणि कमी कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. एका कंपनीची असंख्य स्वयंपाकघरे वेगवेगळी मोजली, तर प्रत्येक लहानच दिसणार! तळघरातली उष्णता, धूर बाहेर जायची सोय, बायकांसाठी संडास, रात्रीची पाळी, ठेकेदाराने कापलेला पगार, हे सगळे मग कोणी तपासायचे?

गंगाराम कांबळेंचे हॉटेल आज असते तर

मालकीच्या प्रश्नाकडे येताना राजर्षी शाहू महाराजांची आठवण अटळ आहे. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना महाराजांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढून दिले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून भर रस्त्यात सर्वांदेखत त्यांच्या हातचा चहा प्यायले. सोबतच्यांनाही प्यायला लावले. महाराजांनी दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या. अस्पृश्याला मालक केले आणि त्याच्या हातचे खाणे उघडपणे प्रतिष्ठेचे केले. क्लाऊड किचनमध्ये यातली एकही गोष्ट आपोआप होत नाही.

कोणी म्हणेल, आता भाडे कमी, भांडवल कमी. आपल्या बायका घरातूनच हा धंदा करू शकतात. संधी आहे हे खरे. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये ‘दलित फूड्स’ या नावाने लोणची-मसाले इंटरनेटवर विकायला काढले. जात न लपवता, नावातच सांगून! ते धाडस लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण ॲपवरच्या धंद्याचा हिशेबही पाहिला पाहिजे. समजा, वस्तीतल्या एका भगिनीने २०० रुपयांची थाळी ॲपवर लावली. २५ टक्के कमिशन धरले तर ५० रुपये गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९ रुपये. डबा, पिशवी, चमचा यांचे १२ रुपये. सवलतीतला तिचा वाटा २० रुपये. उरले १०९ रुपये. यातून धान्य, तेल, गॅस, वीज आणि तिची मजुरी! वरच्या ओळीत दिसायचे असेल तर जाहिरातीचे पैसे वेगळे.

शिवाय गिऱ्हाईक कोण हे तिला नीट कळत नाही, कारण ती माहिती ॲपच्या ताब्यात. बाजाराचा रस्ता ज्याचा, मोजमाप ज्याचे, तोच स्वतःचे दुकानही मांडू लागला तर? हॉटेल मालकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे अशाच तक्रारी केल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने झोमॅटो व स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही गटांनी दहा-पंधरा मिनिटांत खाणे पोचवणारी आपली वेगळी ॲपे काढली, तेव्हा मोठे हॉटेल मालकही हादरले. मोठ्यांची ही अवस्था, तर आपल्या भगिनीचे काय?

काय मागायचे, काय करायचे?

नुसता निषेध करून भागणार नाही. पुढील गोष्टी धसास लावल्या पाहिजेत.

१) प्रत्येक क्लाऊड किचनचा खरा पत्ता, परवाना क्रमांक आणि तेथून चालणारी सर्व नावे ॲपवर मराठीत दिसावीत. पार्सल आणणाऱ्याचे नाव न दाखवता क्रमांक दाखवावा.

२) एका कंपनीच्या सर्व स्वयंपाकघरांतील कामगार एकत्र मोजून तिला कामगार कायदे लागू करावेत. उष्णता, वायुवीजन आणि संडास यांची तपासणी सक्तीची करावी.

३) महाराष्ट्राने राजस्थान-कर्नाटकाच्या धर्तीवर कायदा करावा आणि त्यात स्वयंपाकघरातल्या ठेक्यावरच्या कामगारालाही घ्यावे. सुनावणी न घेता कोणाचे ॲपवरचे खाते बंद करू नये.

४) जात-धर्म पाहून कामगार नाकारणाऱ्या गिऱ्हाईकाचे खाते कंपनीने बंद करावे आणि पुरावा पोलिसांना द्यावा. सोसायट्यांतील ‘डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई’ या पाट्या उतरवाव्यात.

५) महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने सामायिक स्वयंपाकघरासाठी कर्ज-अनुदानाची योजना आणावी. लहान व्यावसायिकांकडून घ्यायच्या कमिशनवर कायद्याने कमाल मर्यादा घालावी.

सरकारकडे मागायचे ते हे. आपणही काही करायचे आहे. शहरातल्या आपल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी एकेकटीने ॲपवर जाण्याऐवजी पाच-दहा जणींची सहकारी संस्था नोंदवावी. एकत्र खरेदी करावी, एकच परवानाधारक स्वयंपाकघर चालवावे. ॲपवरून मिळणाऱ्या गिऱ्हाइकावरच विसंबू नये. जवळची कार्यालये, वसतिगृहे, अभ्यासिका यांना थेट डबे द्यावेत, म्हणजे कमिशन वाचेल आणि ओळखही आपली राहील. आपल्या कर्मचारी संघटनांनी आपले कार्यक्रम आणि शिबिरे यांच्या जेवणाचे काम आधी या संस्थांना द्यावे. डिलिव्हरीचे काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी युनियनचे सभासद व्हावे. अपमान झाला तर ऑर्डरचा क्रमांक, वेळ आणि स्क्रीनवरचा संदेश यांचा फोटो त्याच क्षणी जपून ठेवावा. सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रण जप्त करावे, असा लेखी अर्ज फिर्यादीसोबत पोलिसांना द्यावा. वकील मित्रांनी ही प्रकरणे विनामूल्य घ्यावीत. तेवढे ऋण आपल्यावर आहे.

चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नव्हतो, हे महाडला जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ती लढाई समतेच्या हक्काची होती. आजची लढाई मोबाईलवर जेवण मागवता येते की नाही याची नाही. ते तर पैसे असलेला कोणीही मागवू शकतो. ते शिजवणाऱ्याला न्याय्य मजुरी मिळावी, ते पोचवणाऱ्याला पुढच्या दाराने सन्मानाने आत येता यावे आणि त्या स्वयंपाकघराच्या मालकीच्या कागदावर आपलेही नाव असावे, यासाठीची ही लढाई आहे. दार काढून टाकल्याने हक्क संपत नाही. तो मागण्याची जागा फक्त बदलते. ती नवी जागा आपण ओळखली पाहिजे.

जयभीम!